लावणी आटपल्यावर

गुहागर, आषाढ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोकणात परतलो तर ऑपरेशनं होतील, पण संशोधन सुटेल, त्याला लॅब लागते, निधी लागतो, मुंबई लागते, असं लिहिलंस. काही प्रश्नांना लागतं ते सगळं. पण आपल्या विषयातला, तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतला, एक मोठा वाद रुग्णांवरच्या ज्या चाचणीने मिटवला, ती ओपीडीत, थिएटरात आणि फॉलो-अपच्या खोलीत झाली.

तोंडातला कॅन्सर लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. मग मानेतल्या लसीकाग्रंथी, जिथे हा कॅन्सर आधी पसरतो, त्या आत्ताच काढायच्या, की थांबायचं आणि गाठ दिसली तर काढायची? टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची वाटणी सुरू केली. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष आले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आणि तिथे तर रुग्णांना ठरल्या वेळी बोलावून मान तपासत होते, तरी हा फरक. आपल्याकडे पावसात नदीला पाणी चढलं की एसटी बंद.

आता माझी चूक सांगतो. ही चाचणी यायच्या आधीची गोष्ट. एक आजी आल्या होत्या. मशेरी लावून लावून तर्जनी काळी पडलेली, जिभेच्या कडेला रुपयाएवढा चट्टा. मी जिभेचा भाग काढला. मान स्वच्छ वाटली म्हणून सोडली. तीन महिन्यांनंतर आजी आल्याच नाहीत. माझ्या पहिल्या लेखात त्या ‘शेवटच्या तपासणीत रोगमुक्त’ या रकान्यात गेल्या. लेख छापून आल्यावर दाभोळच्या फेरीबोटीत त्यांचा जावई भेटला. आजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मानेत गाठ आली तेव्हा म्हणाल्या, लावणी आटपू दे. मग म्हणाल्या, गणपती आटपू देत.

नियमाने पाहिलं तर मी खोटं लिहिलं नव्हतं. येईनासा झालेला रुग्ण शेवटच्या तारखेपर्यंत मोजायचा आणि तिथे सोडायचा, हे गणित सगळे करतात. पण न येणारे आणि येत राहिलेले सारखेच असतील, तरच ते गणित खरं. माझ्याकडे न येणारी माणसं दूरची होती, गरीब होती, आणि त्यांची गाठ वाढत होती. त्या लेखातला माझा आकडा वस्तुस्थितीपेक्षा चांगला होता. ते मला अजून सलतं.

तेव्हापासून केसपेपरवर तीन रकाने वाढवले. जवळच्या दुकानाचा फोन, मुंबईला कोण असतं, आणि ते घरी कधी येतं. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात. आईला गाडीत घालून आणणारा मुलगा तेव्हाच सापडतो. आमचे फॉलो-अप त्या दिवसांवर बेतलेले असतात. संशोधनातला एवढा मोठा भाग कॅलेंडर बघून होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नोंद आकड्यात कर. ‘तोंड कमी उघडतं’ या शब्दांचं पाच वर्षांनी काही करता येत नाही. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोज, मिलिमीटरमध्ये लिही. सुपारीचं वेगळं विचार, तंबाखूचं वेगळं. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्याला कितीही प्रिय असली तरी विचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि तरी पंचविशीची पोरं, सुपारी-गुटख्याने तोंड आखडून दोन बोटं आत जात नाहीत अशा अवस्थेत समोर बसतात. ही पोरं पाहून मला आजही राग येतो. तुलाही येऊ दे.

काढलेला तुकडा थर्मोकोलवर टाचण्यांनी लाव, कडांवर पुढे-मागे-वर-खाली लिही आणि पॅथॉलॉजिस्टकडे स्वतः घेऊन जा. तुकडा आकसतो, तू गाठीभोवती मोजून घेतलेली निरोगी कड त्यांना स्लाइडवर कमी दिसते. त्यांच्या शेजारी बसून गाठ किती खोल गेली आहे ते बघ. माझे निम्मे प्रश्न त्या स्टुलावर बसून सुचलेले आहेत.

मुंबईशी नातं मात्र तोडू नकोस. मोठ्या चाचणीला अनेक केंद्रं लागतात, आणि त्यात आपल्या किनाऱ्यावरचे रुग्ण असायला हवेत. नैतिकता समितीची परवानगी पहिला रुग्ण घेण्याआधी, हे तुला सांगायला नको.

गौरी-गणपतीच्या दिवसांत येणाऱ्या बुधवारी फॉलो-अप आहे. बावीस जणांना निरोप गेलेत. तू सकाळी आठला ये, चांगली बॅटरी आण. जे येणार नाहीत त्यांच्याकडे दुपारनंतर गाडी घेऊन जाऊ.

तुझा,
सर