आधी गवत ओळख, मग अर्थ लाव

प्रिय,

प्रभूमध्ये सलाम.

बायबलमधली झाडं आणि गवत या विषयावरच्या संदेशाचा तुझा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर तू दोन रकाने पाडलेस, "झाड म्हणजे नीतिमान, गवत म्हणजे नश्वर माणूस", आणि पुढचे सगळे संदर्भ त्यांत कोंबलेस. गडबड तिथेच आहे. स्तोत्र 37 काढ. दुसऱ्या वचनात दुष्ट गवतासारखे सुकतात, ते तुझ्या रकान्यात बसतं. पस्तिसाव्या वचनात मात्र दुष्ट आपल्याच मातीत फोफावलेल्या हिरव्या झाडासारखा उभा आहे. यहेज्केल 31 मध्ये अश्शूरचं साम्राज्य हा लबानोनाचा गंधसरू आहे. पाखरं त्याच्या फांद्यांत घरटी करतात आणि उंचीच्या गर्वापायी तो आडवा होतो. हे कुठल्या रकान्यात टाकशील?

तेव्हा अर्थ मागाहून बघू. आधी ती वनस्पती त्या देशात कशी जगते ते पाहा. इस्राएलात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उरलेले महिने कोरडे. डोंगरउतार पावसाळ्यात हिरवेगार होतात आणि पाऊस सरला, वाळवंटाकडचा गरम वारा सुटला, की थोड्या दिवसांत पिवळे पडतात. स्तोत्र 129 मधलं छपरावरचं गवत यातलंच. त्या काळी घरांची धाबी सपाट, त्यांवर लाकूड-फांद्या आणि वर चोपलेली माती. वाऱ्याने आलेलं बी पहिल्या पावसात त्या मातीत रुजतं, पण खाली खोली नाही, म्हणून वाढण्याआधीच करपतं. कापणाऱ्याची मूठसुद्धा भरत नाही, असं सातवं वचन म्हणतं. हे डोळ्यांसमोर आलं की "क्षणभंगुर" हा शब्द वापरायची गरजच पडत नाही. तुझ्या आराखड्यात तो अकरा वेळा आहे.

आता एकच गवत तीन ठिकाणी ठेवून बघ. यशया 40:6-8 मध्ये "सर्व मानवजात गवत आहे" ही वाणी आहे, पण त्या अध्यायाची सुरुवात सांत्वनाने होते. ज्यांना बाबेलची सत्ता अढळ वाटत होती, त्यांना ती सत्तासुद्धा गवतच आहे हे ऐकवलं जातं आहे. तेच चित्र घेऊन याकोब (1:10-11) धनवानाकडे बोट दाखवतो आणि त्यात कडक ऊन घालतो. मत्तय 6:30 मध्ये येशू उलट्या बाजूने येतो. उद्या भट्टीत जाणाऱ्या रानातल्या गवताला देव एवढं नटवतो, मग तुमची काळजी घेणार नाही का? भट्टीचा तपशील वरवरचा नाही. लाकूड कमी, म्हणून भाकरीची मातीची भट्टी वाळल्या गवतानेही पेटवत. गवत तिन्हीकडे तेच. एकीकडे दिलासा, दुसरीकडे ताकीद, तिसरीकडे काळजीवर उतारा. म्हणून प्रत्येक संदर्भापुढे एक प्रश्न लिही: हे कोणाला सांगितलंय आणि त्याची अवस्था काय होती? उत्तर सापडलं नाही तर तो संदर्भ संदेशात घेऊ नकोस.

गवत आणि झाड एकाच ठिकाणी हवं असेल तर स्तोत्र 92 घे. तुझ्या यादीत फक्त बारावं वचन आहे, सातवं सुटलंय. सातव्यात दुष्ट गवतासारखे उगवतात, बाराव्यात नीतिमान खजुरीसारखा वाढतो. मूळ हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, "पाराख", म्हणजे फुटणं, बहरणं. बहर दोघांनाही येतो. फरक पडतो तो वेळेत. गवत एका पावसात वर येतं. खजुरीला फळ धरायला काही वर्षं लागतात आणि मग ती कित्येक दशकं देत राहते. म्हणून चौदाव्या वचनात म्हातारपणातही फळ आहे. (हिब्रू प्रत उघडलीस तर हीच वचनं 8 आणि 13 क्रमांकांवर मिळतील, कारण तिथे स्तोत्राचं शीर्षकही मोजतात. इथे गोंधळ हमखास होतो.)

दानीएल 4 राहूनच गेला आहे, तो घे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात आभाळाला टेकलेलं झाड बघतो. ते तोडलं जातं, बुंधा लोखंड-पितळेच्या पट्ट्याने बांधून रानातल्या गवतात ठेवला जातो, आणि शेवटी तो राजा स्वतः बैलासारखा गवत खातो. झाडाकडून गवताकडे जाणारी ही घसरण एकाच अध्यायात आहे.

पहिल्या स्तोत्रातल्या झाडाबद्दल तू "नदीकाठी आपोआप वाढलेलं" लिहिलंस. तसं नाही. तिथला शब्द "शातूल" आहे, म्हणजे आणून लावलेलं, आणि पाणी म्हणजे फाटे काढलेले पाट. कोणीतरी ते झाड तिथे लावलं आहे. त्याच्या समोर उभं आहे ते गवतही नव्हे, वाऱ्याने उडणारं भूस. जोडीला यिर्मया 17:5-8 वाच. दुष्काळ तिथल्या झाडालाही चुकलेला नाही. मुळं पाण्यापर्यंत गेलेली आहेत, एवढंच.

यशया 11:1 तू एकटंच उचललंस. इशायाच्या (दाविदाच्या बापाच्या) बुंध्याला धुमारा फुटतो तो कशानंतर, ते 10:33-34 मध्ये आहे: सगळं रान कुऱ्हाडीखाली गेलेलं असतं. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. ती नेमकी इथे आडवी येते आणि कापणी-फुटवा यांची जोडी तुटते.

वधस्तंभ आणि झाड यांचा संबंध दाखवताना सांभाळून. ग्रीक "झायलॉन" म्हणजे लाकूड किंवा झाड. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेतल्या जीवनाच्या झाडाला हाच शब्द आहे, प्रकटीकरण 22:2 मध्येही हाच, आणि प्रेषितांची कृत्ये 5:30, गलती 3:13, 1 पेत्र 2:24 इथे वधस्तंभासाठीही हाच. मराठीत एकीकडे "झाड" आणि दुसरीकडे "खांब" आल्याने हा धागा दिसत नाही. गलती 3:13 मधला "टांगलेला तो शापित" हा शाप अनुवाद या पुस्तकातला (21:23), हे सांगायला विसरू नकोस. पण हाच शब्द येशूला धरायला आलेल्यांच्या सोट्यांनाही आहे (मत्तय 26:47), आणि पौलाचे पाय अडकवलेल्या खोड्यालाही (कृत्ये 16:24). निव्वळ शब्द जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. पेत्र आणि पौल जिथे स्वतः जोड देतात तिथेच ती दे.

किरकोळ दुरुस्त्या. यरुशलेमेत प्रवेशाच्या वेळी खजुरीच्या झावळ्या फक्त योहानात (12:13) आहेत. मत्तयात झाडांच्या डाहाळ्या, मार्कात रानातून तोडून आणलेला पाला, लूकात तर फांद्याच नाहीत. येशूला बघायला जक्कय चढला ते झाड अंजीर-उंबराच्या कुळातलं, रुंद आणि खालपासून फांद्या असलेलं, बुटक्या माणसाला सोयीचं. पाच हजारांना जेवू घालताना मार्क (6:39) "हिरवं गवत" म्हणतो आणि योहान (6:4) वल्हांडण (यहुद्यांचा वसंतातला सण) जवळ असल्याचं सांगतो. म्हणजे वसंत, गवत अजून सुकलेलं नाही. मार्क आधीच लोकांना मेंढपाळ नसलेली मेंढरं म्हणतो, तेव्हा स्तोत्र 23 मधली कुरणं इथे ऐकू येतात, असं मला वाटतं.

अर्ध्या तासाच्या संदेशात तीनच उतारे ठेव: स्तोत्र 92, दानीएल 4, मत्तय 6. बाकीचे पुढच्या वेळी. प्रत्येक उतारा आधीच्या आणि नंतरच्या दहा-बारा वचनांसकट मोठ्याने दोनदा वाच, मग वही उघड. रोमकरांस 11 मधलं रानटी जैतुनाचं कलम मात्र आताच हाताळू नकोस. बागवान एरवी चांगल्या जातीची फांदी रानटी खोडावर बांधतो, पौल उलटं सांगतो आणि ते निसर्गाविरुद्ध आहे हे स्वतःच कबूल करतो (11:24). त्याला स्वतंत्र तास लागेल.

आणि एदेन बागेतलं ते सफरचंद खोडून टाक. उत्पत्तीत फळाचं नाव कुठेच नाही. लॅटिनमध्ये "वाईट" आणि "सफरचंद" हे शब्द सारखे दिसतात, त्यातून ते चित्रांत शिरलं असावं. तिसऱ्या अध्यायात ज्या झाडाचं नाव घेतलंय ते अंजिराचं, आणि तेही पानांपुरतं.

तुझा,
एक जुना वाचक