आधी ती वही घेऊन या

नमस्कार ताई,
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, समाजमंदिरात शिबिर घेतलं. फलक लावले, डॉक्टरांचं भाषण ठेवलं. दारातच वहीत नाव, मोबाइल, तक्रार लिहून घेतली. सरपंचांच्या सुनेचं अक्षर चांगलं म्हणून तिला बसवलं. तिघींनी ‘डोकं दुखतं’ सांगितलं, बाकीच्या ‘काही नाही’. चाळीस बाया आल्या, पण तपासणीच्या टेबलाशी एकही फिरकली नाही. लोक अडाणी आहेत, अजून देवऋषीकडे धावतात. जागृती कशी करू?

आशाताई,
ती वही आत्ता कुणाच्या घरात आहे?

त्या बायांना अडाणी म्हणू नका, मला राग येतो. ऐन सोयाबीन काढणीत मजुरी बुडवून चाळीस जणी आल्या, याचा अर्थ गरज त्यांना ठाऊक होती. पण मागे रांग उभी, समोर सरपंचांची सून पेन घेऊन बसलेली. तिथे ‘रात्र रात्र झोप नाही, मरावंसं वाटतं’ असं कोण सांगेल? एखादीची पोरगी लग्नाची आहे. एखादीचा नवरा आधीच ‘हिचं डोकं फिरलंय’ म्हणत माहेरी धाडायला बसलाय. देवऋषी ‘बाहेरचं आहे’ म्हणतो, म्हणजे दोष बाईचा राहत नाही. तुमच्या वहीत तो तिच्या नावापुढे लिहिला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवलाय, आणि आपण दारातच तो मोडला.

आज संध्याकाळीच ती वही घेऊन या. कुणी फोटो काढला असेल तर तो समोर पुसायला लावा. त्या तिघींची नावं ध्यानात ठेवा आणि पान फाडून चुलीत घाला. अहवालाला ‘उपस्थिती ४०’ एवढं पुरतं.

मग पुन्हा शिबिर नको. तुम्ही घरोघरी आजारांच्या चौकशीचा सीबॅक फॉर्म भरताच. त्यात शेवटी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, आणि उदास, निराश वाटलं का. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली की उपकेंद्रातल्या सीएचओकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, न्यायचं. हे प्रश्न फॉर्ममधल्या भाषेत घडाघडा वाचले की उत्तर ‘नाही’च येतं, आणि सासू शेजारी असली तर नक्कीच. आधी बीपी मोजा, सासूचंही मोजा. मग बाई गोठ्याकडे किंवा पाण्याला निघाली की सोबत चाला. ‘कामात मन लागतं का? भजनाला, टीव्हीला बसावंसं वाटतं का? पंधरा दिवसांत असं किती दिवस झालं?’ आकडा घरी जाऊन लिहा.

जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाही. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवायला लावा आणि तिथूनच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगावं लागतं. ते कोण, हे तिलाच विचारा.

गोळ्या सुरू झाल्या तर दुसऱ्या आठवड्यात तुमची फेरी हवीच. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या दिवसांतच होते. तिथेच बाया गोळी सोडतात.

सुरुवात त्या तिघींपासून करा. चारचौघांत मन दुखतं म्हणता येत नाही, तेव्हा डोकं दुखतं म्हणतात. उद्या बीपीचं मशीन घेऊन पहिलीच्या घरी जा.