ग्रुपचं एकमत होईपर्यंत मुदत थांबत नाही

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या, त्यांचे यजमान आणि सासू-सासरे अशा चौघांनी मुंबईच्या एका कंपनीबरोबर मे २०२४ मध्ये युरोपची ग्रुप टूर केली. चौघांचे मिळून ९ लाख ८० हजार भरले. रोमचा दिवस होता रविवार, १२ मे. छापील कार्यक्रमात ‘व्हॅटिकन म्युझियम व सिस्टीन चॅपल – आतून’ असं लिहिलं होतं. फ्लॉरेन्सहून निघालेली बस दुपारी पोचली तर म्युझियम बंद. कोलोसियमपाशी फोटोपुरतं थांबले, आणि संध्याकाळचं ट्रेव्ही कारंजं ‘ड्रायव्हरचे तास संपले’ म्हणून रद्द झालं. कंपनीने जुलै २०२४ मध्ये मेल करून माणशी २५ युरो पुढच्या टूरमध्ये वळते करू असं कळवलं. तेव्हापासून ३४ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळे मिळून केस करू’ अशी चर्चा चालू आहे. आता ताई विचारतात, नोटीस कशी पाठवायची आणि इटलीत तक्रार करावी का.

ताई, सेवेतली त्रुटी म्हणजे काय हे मी समजावत बसत नाही. अशी पत्रं मला दर सुट्टीच्या हंगामानंतर येतात आणि कंपनीची चूक बहुतेकांत उघड दिसत असते. तुमचं प्रकरण उभं राहणार की पडणार, हे एकाच तारखेवर ठरेल: १२ मे २०२६. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या हातात जेमतेम चार आठवडे उरले आहेत.

तुम्ही लिहिता की कंपनीचा शेवटचा मेल जुलैतला, म्हणून मुदत जुलैपर्यंत आहे. हे कुणी सांगितलं तुम्हाला? पत्रव्यवहार चालू ठेवल्याने किंवा नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या निकालात तर असं सांगितलं की, समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाने तो स्वतः आधी तपासायचा. कंपनीने लेखी चूक कबूल केली म्हणून मुदत नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद मुदत कायद्याच्या कलम १८ वर करता येईल, पण मी त्यावर एक दिवसही विसंबणार नाही. टूर १९ तारखेला संपली म्हणून १९ पासून मोजू, हेही नको. सगळ्यात आधीची तारीख धरा आणि एप्रिल संपायच्या आत दाखल करा.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, हे खरं. पण त्यात उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं, आणि ‘ग्रुपवर एकमत होत नव्हतं’ हे सबळ कारण नाही. मला राग येतो तो याचाच. ३४ माणसं, त्यातली निम्मी पुढच्या टूरच्या सवलतीवर डोळा ठेवून गप्प, आणि ज्यांचं खरंच नुकसान झालं त्यांनी त्या निम्म्यांसाठी तेवीस महिने घालवायचे! अनेकांच्या वतीने एकच तक्रार करायची तर कलम ३५ खाली आयोगाची परवानगी लागते, आणि तेवढा वेळ आता नाही. तुम्ही चौघं एका बुकिंगवर आहात, चौघांची तक्रार करा. बाकीचे आपापली करतील किंवा नाही करणार.

नोटीस पाठवणं बंधनकारक नाही. पाठवायचीच असेल तर सात दिवसांची द्या आणि त्या सात दिवसांत तक्रार लिहून पूर्ण करा. इटली विसरून जा. तुमचा करार मुंबईच्या कंपनीशी आहे, तिथल्या बसवाल्याशी नाही. फॉर्मवर ‘मुंबई न्यायकक्षा’ छापलेलं असलं तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायचा हक्क कलम ३४ देतं. ५० लाखांपर्यंतची भरलेली रक्कम जिल्हा आयोगात चालते, आणि तुमच्या रकमेला शुल्क आहे २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते.

आता मजकुराकडे. तुम्ही चार तक्रारी केल्यात. माझ्या मते त्यातली एकच भक्कम आहे, ती रविवारची. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. १२ मे हा दुसरा रविवार. हे म्युझियमच्या वेळापत्रकात सगळ्यांना दिसतं. तरीही कंपनीने तारखेसकट कार्यक्रम छापला आणि पैसे घेतले. ‘अपरिहार्य कारणाने कार्यक्रम बदलण्याचा अधिकार’ हे करारातलं कलम इथे लागू होत नाही, कारण रविवार अचानक उगवत नाही. कंपनी उत्तरात म्हणते, ‘व्हॅटिकन दाखवलं’. दाखवलं ते सेंट पीटर्स चौक आणि बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च. सिस्टीन चॅपलची पर्यटकांची वाट म्युझियममधून जाते, बॅसिलिकेतून नाही. हा फरक तक्रारीच्या पहिल्याच पानावर दोन ओळींत लिहा. एक मात्र सांभाळा: ते कलमच अन्यायकारक आहे, रद्द करा, अशी मागणी करू नका. अनुचित कराराचा वाद जिल्हा आयोगाच्या कक्षेत येत नाही, तो राज्य आयोगाकडे जातो. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढंच धरून चला.

ड्रायव्हरच्या तासांचा मुद्दा पूरक म्हणून घ्या. युरोपीय संघाचा नियम ५६१/२००६ चालकाला दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा तास गाडी चालवू देतो, साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची करतो. नियम चांगला आहे, तुमच्याच जिवासाठी आहे. पण तो कंपनीला ऐन संध्याकाळी कळला असं कसं म्हणता येईल? शिवाय २०१९ पासून पर्यटक बसना रोमच्या जुन्या मध्यभागात सरसकट शिरू देत नाहीत, म्हणजे ट्रेव्हीला शेवटचा टप्पा चालत किंवा मेट्रोनेच जायचं होतं. व्हॅटिकनजवळचं ओत्ताव्यानो आणि ट्रेव्हीजवळचं बार्बेरिनी ही स्टेशनं मेट्रोच्या एकाच मार्गावर आहेत. मात्र याच कारणाने ‘सासूबाईंना फार चालायला लावलं’ ही तक्रार टिकणं कठीण दिसतं. कोलोसियमसमोर तुमच्या पत्रिकेत ‘फोटो स्टॉप’ लिहिलंय, तुम्हीच पाठवलेल्या फोटोत वाचता येतं. सोडून द्या.

पुराव्यांचं काय केलंत ते वाचून वाईट वाटलं. मूळ पुस्तिका रद्दीत गेली, फोन बदलताना चॅट गेलं. कुणाकडे तरी ती पुस्तिका असेलच, ग्रुपचा तेवढा तरी उपयोग करा. तुमच्या यजमानांनी व्हियाले व्हॅटिकानो या म्युझियमच्या दारासमोरच्या रस्त्यावर, त्या उंच विटांच्या भिंतीखाली बंद दरवाजाचा काढलेला फोटो सगळ्यात मोलाचा आहे. तो व्हॉट्सॲपवरून फिरवलेला नको, ज्या फोनने काढला त्यातली मूळ फाइल हवी. तिच्यातच १२ तारीख आणि दुपारची १२:४० ही वेळ नोंदलेली असते. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, पण वाद कशाला ओढवून घ्यायचा. जुलैच्या मेलचीही छापील प्रत लावा.

किती मिळेल? पूर्ण ९ लाख ८० हजार मिळतील असं मला वाटत नाही. काही भाग, मनस्तापाची भरपाई आणि खर्च, असा आदेश होऊ शकतो. आणि कधी? कायदा म्हणतो समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल. माझ्या कपाटात या तीन महिन्यांची चार-चार वर्षं झालेल्या फाइली आहेत. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढीव १५, त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्येच पक्कं केलं. पंचेचाळीसावा दिवस वहीत लिहून ठेवा आणि त्या तारखेला हजर राहून हरकत घ्या.

तुमच्या सासऱ्यांबद्दल तुम्ही शेवटी दोनच ओळी लिहिल्यात, त्या खरं तर पहिल्या हव्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टीन चॅपलचं ते छत फळ्यावर खडूने काढून दाखवलं, आणि ७६ व्या वर्षी त्या भिंतीबाहेर उभे राहून परत आले. चौघांची टूर ठरली ती त्यांच्यासाठी. त्यांना तक्रारदार क्रमांक एक करा, ज्येष्ठ नागरिक म्हणून लवकर सुनावणीचा अर्ज त्यांच्याच नावाने द्या, आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.