दुसरा चल घेण्याआधी

प्रयोगात दोन स्वतंत्र चल (म्हणजे प्रयोग करणारा स्वतः बदलतो ते घटक) घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र एकाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीनुसार (म्हणजे त्याच्या निवडलेल्या मूल्यानुसार) कसा बदलेल, हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर दुसरा चल घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ मधला पाणबुड्या माणसांवरचा (डायव्हरांवरचा) प्रयोग पाहा. शब्द जमिनीवर किंवा पाण्याखाली शिकायचे आणि या दोहोंपैकी एका ठिकाणी आठवायचे, अशा चार स्थिती त्यात होत्या. जमिनीवर शिकून जमिनीवरच आठवलेले शब्द सरासरी १३.५, पाण्याखाली शिकून तिथेच आठवलेले ११.४, ठिकाण बदलताच आकडा ८.६ आणि ८.४ वर आला. शिकण्याचे ठिकाण एकटे पाहिले, तर फरक जेमतेम एका शब्दाचा उरतो. सगळे उत्तर आंतरक्रियेत, म्हणजे एका चलाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असण्यात, आहे. (२०२१ मधल्या पुनरावृत्तीत ती आढळली नाही, हेही लक्षात ठेवावे.)

तीन चल आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या घेतल्या, की २७ स्थिती होतात. प्रत्येकीत २० वेगळ्या व्यक्ती म्हणजे ५४० माणसे. त्याच व्यक्तींना सर्व स्थितींतून नेणार असाल, तर क्रम बदलत ठेवा, नाहीतर थकवा आणि सराव यांचा परिणाम तुमच्या चलांच्या नावावर जमा होईल. दोन चलांच्या प्रयोगातल्या चार स्थितींच्या सरासरींचा अपेक्षित आलेख कागदावर काढल्याशिवाय एकाही सहभागीला बोलावू नका.