तीन गुंठ्यांच्या प्लॉटचा दर दोन एकर जिरायतीला का लागत नाही?

तुमची दोन एकर जिरायत रस्त्याच्या संपादनात चालली आहे, आणि शिवेला लागून तीन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट दोन वर्षांपूर्वी गुंठ्याला ४ लाखांनी गेला, मग आम्हाला तोच भाव का नाही, असं तुम्ही विचारलंय. मी जमिनींच्या मूल्यांकनाचं काम करतो. तो व्यवहार तुमच्या उपयोगाचा आहे, पण जसाच्या तसा नाही.

दोन जमिनींत जो फरक असेल त्याची दुरुस्ती नेहमी विकल्या गेलेल्या जमिनीच्या दरात करायची. ती तुमच्यापेक्षा सरस असेल तर तिचा दर उतरवायचा, डावी असेल तर चढवायचा. इथेच बहुतेक हिशेब उलटे होतात.

आधी काळ. सर्वोच्च न्यायालयाने ओएनजीसी या तेल कंपनीच्या भूसंपादन प्रकरणात (२००८) शहरी-निमशहरी भागात वर्षाला १० ते १५ टक्के आणि ग्रामीण भागात त्याच्या साधारण निम्मी वाढ ढोबळमानाने धरली. तुमचं गाव शहराला लागून आहे असं धरू. १० टक्क्यांनी दोन वर्षांत ४ लाखांचे ४.८४ लाख होतात.

मग आकार, आणि सगळा वाद याच्यावरच असतो. तीन गुंठेवाल्याने तयार प्लॉट घेतला. त्याआधी ले-आउटवाल्याने रस्त्याला आणि मोकळ्या जागेला जमीन सोडली, गटार केलं, एनएचा खर्च केला आणि सगळे प्लॉट खपेपर्यंत पैसे अडकवून ठेवले. तुमचे ८० गुंठे घेणाऱ्याला हे सगळं करायचं आहे. म्हणून पुण्याच्याच जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात (१९८८) न्यायालयाने मोठ्या क्षेत्रासाठी २० ते ५० टक्के वजावट सांगितली. ४० टक्के वजा केले तर २.९० लाख उरतात. प्लॉट डांबरी रस्त्यावर आणि तुमचा गट आत असेल तर आणखी १० टक्के जातील. म्हणजे साधारण २.६० लाख. ८० गुंठ्यांवर ४ लाखांनी ३.२० कोटी आणि २.६० लाखांनी २.०८ कोटी असा हा फरक आहे. (टक्के मी उदाहरणापुरते घेतलेत. जागा पाहिल्याशिवाय कुणी ठाम आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका.) रस्त्याची वजावट ४० टक्क्यांतच धरली असेल तर ती परत लावू देऊ नका.

पण खरं सांगू? एवढी ओढाताण करावी लागणारा व्यवहार हा कच्चा पुरावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम २६ तशाच प्रकारच्या जमिनींची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं बघतं आणि त्यातल्या जास्त दराच्या निम्म्यांची सरासरी धरतं. तेव्हा दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा) काढा आणि एकर-दोन एकरांचे जिरायत व्यवहार शोधा. भाऊबंदकीतले सोडा. लगतच्या मालकाने गट जोडण्यासाठी चढ्या भावाने घेतलेलेही सोडा, तो भाव त्याच्या एकट्याच्या गरजेचा असतो. विकलेल्या जमिनीत विहीर असेल तर तिची किंमत आधी वजा करा, कारण तुमच्या विहिरीचे आणि झाडांचे पैसे वेगळे धरले जातात. असे तीन-चार व्यवहार हाती लागले की गट नकाशावर खुणा करून घ्या आणि ते गट स्वतः पाहून या.