विभेदनमर्यादा वाढते की घटते?

प्रश्न असा आहे: 'रिझोल्यूशन'ला विभेदन म्हणायचे की पृथक्करण? आणि 'इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विभेदनमर्यादा वाढवली' हे वाक्य बरोबर आहे का?

शब्द विभेदनच घ्यावा. पृथक्करण रसायनशास्त्राने कधीच बळकावले आहे. (भाषांतरयंत्राला विचाराल तर ते 'ठराव' हातात देईल.) विभेदनाच्या मुळाशी 'भिद्' धातू आहे. साध्या मराठीत त्याचा अर्थ 'सुटे दिसणे'. दोन ठिपके एकमेकांत न मिसळता सुटे दिसतील असे किमान अंतर म्हणजे विभेदनमर्यादा.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८७३ साली सांगितलेला या मर्यादेचा हिशेब सोपा आहे: तरंगलांबी भागिले न्यूमरिकल ॲपर्चरची (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याच्या मापाची) दुप्पट. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, तेलातल्या उत्तम वस्तुभिंगाचे (नमुन्याजवळच्या भिंगाचे) न्यूमरिकल ॲपर्चर १.४, उत्तर सुमारे २०० नॅनोमीटर. यावरून '२०० नॅनोमीटरहून लहान वस्तू दिसतच नाही' असे सर्रास लिहितात, ते चूक. २० नॅनोमीटरचा चमकता कण दिसतो, फक्त २०० नॅनोमीटरच्या डागाएवढा पसरून. तसे दोन कण ६० नॅनोमीटरवर असले तर डाग एकच.

विवर्धन, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते, ही निराळी गोष्ट. १०×ची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) काढून २५×ची लावली तर तोच डाग मोठा होतो, सुटत नाही. न्यूमरिकल ॲपर्चरच्या हजारपटीपुढचे विवर्धन पोकळच. १००×च्या तेलभिंगाखाली तेल घालायचे राहिले, तर मधल्या हवेमुळे न्यूमरिकल ॲपर्चर १च्या वर जाऊच शकत नाही आणि प्रतिमा गढूळ होते ती वेगळीच. कंडेन्सरची (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) झडप फार मिटली तर फसगत उलटी: चित्र ठसठशीत दिसते, पण बारीक तपशील एकमेकांत मिसळलेले असतात.

इलेक्ट्रॉनांकडे वळले की एकटे 'विवर्तन' (आबेच्या हिशेबामागचे तरंगांचे पसरणे) कारण म्हणून पुरत नाही. १०० किलोव्होल्टला तरंगलांबी ०.००३७ नॅनोमीटर, तरी साधे पारगामी यंत्र (नमुन्यातून आरपार गेलेल्या इलेक्ट्रॉनांनी चित्र काढणारे) ०.२ नॅनोमीटरच्या आसपास अडते. अडवते ते चुंबकी भिंगाचे गोलीय विपथन, म्हणजे भिंगाच्या कडेने जाणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर न जुळणे. सममित, स्थिर क्षेत्राच्या गोल भिंगात ते टाळता येत नाही, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो शेर्त्सरने १९३६ मध्ये दाखवले. म्हणून शलाकेचा कोन अंशभराच्या आतच ठेवावा लागतो आणि आखूड तरंगलांबीचा बराच फायदा तिथेच जातो. विपथन-दुरुस्तीची भिंगे १९९०च्या दशकाअखेर आली, तेव्हा वाट मोकळी झाली, पुढे ०.०५ नॅनोमीटरपर्यंत मजल गेली.

आता वाक्य. मर्यादा हे अंतर आहे, नॅनोमीटरात मोजायचे. ते जितके लहान तितके चांगले. म्हणून 'मर्यादा वाढवली' लिहिले तर यंत्र बिघडवले असा अर्थ होतो. 'विभेदनक्षमता ०.२ नॅनोमीटर' हेही ढिसाळच. 'इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने विभेदनमर्यादा खाली आणली' किंवा 'विभेदनक्षमता वाढवली' असे लिहावे.