दादा म्हणतो, ‘खर्चाचं मी बघतो’

प्रिय मावशी,
माझा दादा मारामारीच्या केसमध्ये साडेतीन वर्षं येरवड्याला होता. दिवाळीच्या आधी सुटला. आत सुतारकाम शिकला, आता एका फर्निचरवाल्याकडे जातो. मालकाला काही माहीत नाही. मला जुने इंग्रजी सिनेमे आवडतात, म्हणून एका रात्री आम्ही दोघांनी ‘इनव्हिजिबल स्ट्राइप्स’ बघितला. शेवटी हिरो मरतो. दादा म्हणाला, “बघ, आमचं हेच होतं,” आणि उठून गेला. तेव्हापासून गप्प गप्प असतो. वैशाखात माझं लग्न आहे, सासरच्यांना सगळं सांगितलंय. खर्चाचं दादा म्हणतो, मी बघतो, तू विचारू नकोस. सिनेमा दाखवून मी चूक केली का? आणि मालकाला सांगावं का?
– एक बहीण, सातारा जिल्हा

(पत्र जागेअभावी आवरतं घेतलं आहे.)

बाळ, तुझ्या मूळ पत्रात सिनेमावर दीड पान आहे आणि लग्नाच्या खर्चावर एकच ओळ. मी त्या ओळीपाशी अडले.

पण शेवटाचं आधी सांगते, कारण दादाच्या मनात तोच रुतलाय. सिनेमा 1939 चा. त्या काळी हॉलिवूडमध्ये सिनेमे तपासणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाची मंजुरी मिळाल्याशिवाय मोठ्या स्टुडिओचा सिनेमा थेटरात लागत नसे, आणि त्यांच्या नियमावलीप्रमाणे गुन्हा करणाऱ्याला सुखात सोडायचं नाही. बँका लुटलेला हिरो क्लिफ शेवटी गॅरेजमध्ये मजेत पाने फिरवताना दाखवला असता, तर सिनेमाच अडला असता. त्याला मारायचं हे कागदावर आधीच ठरलेलं. उलट ज्या पुस्तकावरून हा सिनेमा निघाला ते सिंग सिंग तुरुंगाचा वॉर्डन लुईस लॉज याचं. फाशीविरुद्ध जाहीर बोलणारा माणूस. सुटलेले सगळे वायाच जातात असं त्याला वाटत असतं, तर तो पुस्तक लिहायला कशाला बसला असता?

आता मधला भाग आठव. जॉर्ज राफ्टचा क्लिफ सुटून येतो, ठरलेली मुलगी पाठ फिरवते, पॅरोलचे, म्हणजे अटींवर सुटल्याचे, नियम पायात येतात. एका दुकानात कसंबसं काम लागतं, तर तिथे चोरी होते आणि पोलीस आधी यालाच उचलतात. (आईचं काम केलेली फ्लोरा रॉब्सन राफ्टच्याच वयाची, पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघताना ते लक्षातही येत नाही.) एवढं सोसूनही गडी सरळ राहतो. घसरतो तो धाकट्या भावापायी. टिमचं लग्न पैशावाचून अडलंय, तो वाकड्या वाटेला लागायच्या बेतात आहे. त्याला गॅरेज काढून द्यायचं म्हणून क्लिफ बोगार्टनं रंगवलेल्या गुंडाच्या टोळीत जातो आणि घरी खोटं सांगतो.

धाकट्याचं लग्न, थोरल्याच्या डोक्यावर खर्च आणि ‘विचारू नकोस’. आता कळलं मी का अडले?

दादा काही वावगं करतोय असं माझं म्हणणं नाही. बहुतेक कुठल्यातरी सावकाराला शब्द दिला असेल. पण नव्या सुताराच्या पगारात सहा महिन्यांत लग्न उभं राहत नाही, हे तुलाही कळतं. येत्या रविवारी आईला आणि त्याला घेऊन वहीसकट बस. कार्यालय, जेवण, दागिने, मानपान, बस्ता, एकेक आकडा लिही, आणि त्याच्यासमोरच काट मारायला लाग. मानपानापासून सुरुवात कर. सासरची माणसं सगळं कळूनही हो म्हणाली आहेत, त्यांच्यापाशी नोंदणी विवाहाचा विषय काढायला लाजू नकोस. फक्त तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते हे ध्यानात ठेव. तो पुन्हा ‘विचारू नकोस’ म्हणाला तर सांग, “लग्न माझं आहे, मी विचारणारच.” मात्र उलटतपासणी नको. ती त्याची भरपूर झाली आहे.

मालकाला सांगायचं, आणि ते दादानंच सांगायचं. तुमच्या भागात अशी बातमी कधीतरी टपरीवर पोचतेच, तिथून कळलं तर मालकाला फसवल्यासारखं वाटेल. आज मालकानं त्याच्या हाताची सफाई बघितली आहे, हे दादाच्या बाजूचं. काम जाऊही शकतं, तेवढी तयारी ठेवून बोलावं. पुढेमागे नोकरीच्या फॉर्मवर शिक्षेचा रकाना आला तर खरं तेच लिहायचं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग प्रकरणात हेच सांगितलंय: माहिती खरी हवी. खरी दिली तरी मालक विचार करून नाही म्हणू शकतो, पण लपवलं म्हणून काढायला निमित्त राहत नाही.

सिनेमा दाखवलास यात तुझं काही चुकलं नाही. ‘आमचं हेच होतं’ हे तो आतूनच घेऊन आला होता, ते निदान तुझ्यासमोर बोलला. खर्चाचं बोलणं आटोपलं की हवं तर दोघं तो पुन्हा बघा. क्लिफ टोळीत जायचं ठरवतो तिथे थांबव आणि दादालाच विचार, टिमनं इथे काय बोलायला हवं होतं?